मागच्या सीटवरचा हात

शाळा मी निवडली. आमच्या घरात होडीला कुठला रंग लागणार, भाऊबंदकीत कोण कोणाशी बोलणार आणि सणाला कालवणात काय पडणार हे मी ठरवते. मग नात विमान कुठे शिकणार हे दुसरं कोण ठरवणार? माझी स्वतःची शाळा चौथीत सुटली, मास्तरांना उलट बोलले म्हणून. त्यानंतर उलट बोलणं काही सुटलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. मथुराबाय तांडेल येते म्हटलं की वेळसई बंदरावरचे दलाल अजूनही बिडी विझवतात.

माझी नात मिथिला पायलट आहे. लायसन्सवाली. पण तिचं लायसन्स धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानांचं, आणि आता कोकणात त्यांना विचारतो कोण? घाटातले रस्ते दर पावसाळ्यात खचायला लागले, तेव्हा सरकारने बंदराबंदराला तरंगत्या जेट्ट्या बांधल्या आणि खाडी तिथे विमान सुरू झालं. या विमानांना चाकांऐवजी पायाखाली दोन लांबुडक्या होड्या असतात. पाण्यावरून उठायचं, पाण्यावर बसायचं. ते चालवायला लायसन्सवर वेगळा शेरा लागतो, त्याला ही मुलं सी-प्लेनचं रेटिंग म्हणतात. तो असेल तर घरच्या खाडीत नोकरी. नसेल तर जा कुठल्यातरी परक्या वाळवंटात.

अडचण एकच होती. पिढ्यानपिढ्या होड्या हाकणाऱ्या तांडेलांची पोर पाण्याला भीत होती.

साधीसुधी भीती नाही. मोठी झाली तरी डोक्यावरून तांब्या ओतून घ्यायची नाही. मान मागे टाकून, डोळे उघडे ठेवून केस धुवायची. तिचा बाप, माझा हरेश्वर, खाडीच्या तोंडावर बुडाला तेव्हा ती त्याच्याच होडीत होती. ओहोटीला तोंडावरच्या वाळूवर लाट फुटते, त्या लाटेने होडी उलटली. त्याने पोरीला तरंगत्या बोयावर चढवलं आणि स्वतः जाळ्यात पाय अडकून खाली राहिला. ती बोया कवटाळून "बाबा, वर ये, बाबा, वर ये" असं ओरडत होती. मी धक्क्यावर टोपली घेऊन उभी होते. मी सगळं पाहिलं.

आमच्यात एक रीत आहे. पाण्यावर निघालेल्या माणसाला ‘सांभाळून जा’ म्हणायचं नाही. म्हटलं की भीती होडीत चढते. बायकांनी हसून निरोप द्यायचा आणि मग हवं तर घरात जाऊन रडायचं. त्या दिवशी माझी सून वनिता ओट्यावरून म्हणाली होती, "सांभाळून जा हो, पोर आहे संगती." मी ते विसरले नाही. तिलाही विसरू दिलं नाही. तशीही ती घाबरट. पाल पडली तर भिणार, फोन वाजला तर भिणार, वाजला नाही तर त्याहून जास्त भिणार. गावात अंगणवाडी चालवते आणि पोरांना झोपाळ्यावर हात धरून बसवते.

तर आम्ही तिघी शाळा बघायला निघालो.

पहिली शाळा आमच्याच खाडीत वरच्या अंगाला होती. पत्र्याची शेड, दोन विमानं आणि कॅप्टन दमयंती केळुसकर. पिकलेले केस, तोंडात कायम बडीशेप, उन्हाने भाजलेला चेहरा. शेडमागे एक हौद होता. त्यात विमानाची नकली खोली टांगलेली, मुलांना आत बसवून ती पाण्यात उलटी करायची आणि त्यांनी पट्टा सोडून बाहेर यायचं. ते बघूनच मिथिलाच्या ओठांचा रंग उडाला.

"भीती वाटते?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

"खूप."

"छान. मग शिकवता येईल. किती दिवस लागतील ते मात्र सांगत नाही. हौदातच सहा महिने जातील कदाचित."

मी खाडीकडे बोट दाखवलं. "एवढ्या लाटेत पोरीला उतरवणार तुम्ही?"

"लाट दिसते, आजी. दिसतं त्याला मी भीत नाही. वारा पडलेलं, आरशासारखं पाणी असतं ना, त्याला भिते." त्यांनी तळहात आडवा धरला आणि हळूहळू खाली आणला. "वरून पाहिलं तर ढग वरही आणि ढग खालीही. पाणी नक्की कुठे सुरू होतं ते डोळ्यांना कळतच नाही. वाटतं, अजून दोन माड उंच आहोत, आणि तेवढ्यात होडीचं नाक पाण्यात घुसतं. म्हणून असं पाणी असलं की मी आधी एक बोट पळवते, लाटा उठवून पाणी मोडून घेते आणि मगच उतरते."

मला हसू आलं. "शांत पाण्याला भिणारा तांडेल पहिल्यांदाच पाहिला."

"मी तांडेल नाही, आजी. वैमानिक आहे."

बाई उलट बोलणारी निघाली. मला तशी माणसं आवडत नाहीत, घरात एक पुरते.

दुसरी शाळा घाटावरच्या धरणाच्या जलाशयावर. नाव जलगरुड अकादमी. काचेची इमारत, आत गारवा, आणि समोर पाणी कसं? तर ताटात वाढलेलं. ना भरती ना ओहोटी, ना वाळूचा दांडा. डोंगर त्यात उलटा झोपलेला. मी मनात म्हटलं, ठरलं. आयुष्यभर ज्या पाण्यासाठी आम्ही दर्याला नारळ वाहतो, ते इथे फुकट पडलंय.

तिथे आम्हांला डॉक्टर निरगुडकर भेटले. तरुण, नम्र माणूस, बोलताना हात जोडल्यासारखे धरायचा. त्याने पांढरा टोप दाखवला. बाहेरून गुळगुळीत, आतून फणसासारखा.

"आजी, आपल्याला वाटतं आठवण म्हणजे फोटो. एकदा काढला की तसाच. पण तसं नसतं. आपण जेव्हा आठवतो तेव्हा ती आठवण मऊ होते. सुकी मासळी भिजवली की होते ना, तशी. काही तास ती मऊ राहते आणि मग मेंदू तिला पुन्हा वाळवून ठेवून देतो. मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते, ती त्या आठवणीला भीतीचं मीठ लावते. आठवण मऊ आहे तोवर आम्ही बाहेरून आवाजाच्या लहरी सोडतो, कानाला ऐकू न येणाऱ्या, आणि त्या गाठीला तेवढ्यापुरतं गप्प बसवतो. मीठ न लागताच आठवण परत ठेवली जाते. घटना राहते, भीती जाते."

"कापाकापी?"

"टाचणीसुद्धा नाही. तसं बघितलं तर सवयीनेही भीती मरतेच. रोज विंचू बघणारा विंचवाला भीत नाही. त्याला वर्षं लागतात, आम्ही आठवड्यांत करतो."

वनिता कोपऱ्यातून बोलली. ती चारचौघांत बोलते तीच मुळात दिवाळी-दसऱ्याला. "आणि भीतीबरोबर दुसरं काय जातं, डॉक्टर?"

"काही नाही, ताई. आम्ही फक्त पाण्याचीच आठवण जागी करतो."

"नको, आत्याबाई," ती माझ्याकडे वळली. "असू दे तिला भीती. खाडीवरच शिकू दे, सावकाश."

"तुझ्यासारखी घरात बसवू का तिला?" मी म्हटलं. "भित्र्यांच्या घरात विमानं उतरत नाहीत."

मिथिला दोघींकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "मोठी आय, मला एकदा तरी डोक्यावरून पाणी घ्यायचंय गं."

झालं. शाळा ठरली.

आठवण जागी करायला माणूस लागतो, असं डॉक्टर म्हणाले, आणि जितकी लख्ख जागी होईल तितकं चांगलं. "तुम्ही पाहिलंय, आजी. तुम्हीच सांगा तिला." म्हणून पोरीला आरामखुर्चीत निजवून डोक्यावर टोप चढवायचे आणि मी शेजारी बसून माझ्या मुलाचं मरण सांगायचं.

पहिल्या वेळी तिने माझा हात असा धरला की बांगडी पिचकली. मी सांगत गेले, तुझ्या बाबाने निळी बंडी घातली होती, लाट आली, त्याने तुला वर ढकललं, मग फक्त त्याचा डावा हात दिसत होता. ती कण्हत होती. मलाही एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. टोप मधमाशीसारखा गुणगुणत होता.

पुढच्या खेपेला तिची पकड सैल झाली. त्याच्या पुढच्या खेपेला तिने हात नुसता ठेवला. मी सांगत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत होतं, भिंतीवरून ऊन उतरतं तसं. शेवटी शेवटी माझाही आवाज कापेनासा झाला. तीच गोष्ट किती वेळा सांगणार? मी वाण्याला सामान सांगितल्यासारखं सांगायला लागले.

शेवटच्या दिवशी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "मोठी आय, बंडी निळी नव्हती, हिरवी होती. आणि हात उजवा होता, डावा नाही. तू दरवेळी चुकतेस."

आवाज शांत होता. भाजीवालीकडे मोड परत मागावी तसा.

त्या आठवड्यात घरी आली तेव्हा न्हाणीघरातून धो धो आवाज. ओले केस तोंडावर घेऊन हसत बाहेर आली. मी आळीत पेढे वाटले. वनिताने एक पेढा घेतला आणि देवापुढे ठेवून दिला, खाल्ला नाही. हरेश्वरचं श्राद्ध त्याच सुमाराला होतं. पोर पानावर बसली, वडे वाखाणले, आणि फोटोकडे बघून म्हणाली, "जाळं तेव्हाच कापलं असतं तर वाचले असते. सुरी होडीतच होती." वनिताच्या हातातलं पळीवाढं खाली पडलं. मी म्हटलं, शिकलेली आहे, विचार करते. म्हटलं खरं, पण वडा घशात अडकला.

जलाशयावर ती भराभर शिकली. दळवी सर म्हणून तिचे शिकवणारे, पोट सुटलेले, पोरांना चहा पाजणारे. म्हणायचे, "आजी, अशी विद्यार्थिनी पाहिली नाही. हात हलत नाही हिचा." तिचं विमान बघायला मला एकदा बोलावलं. वाराच नव्हता. पाणी असं की त्यात ढग मोजावेत. मी काठावर बाकावर बसले, मनात दर्याला नमस्कार केला, म्हटलं, बाबा, असं पाणी मिळायला भाग्य लागतं.

पोर आणि तिच्या शेजारी दळवी सर बसलेलं विमान डोंगरावरून वळलं, खाली आलं. छान येत होतं, सरळ, अलगद. पण पाण्याजवळ येऊनही ते येतच राहिलं, जणू पाणी अजून बरंच खाली आहे. मला कॅप्टनबाईंचा आडवा तळहात आठवला. तो आठवेपर्यंत होडीचं नाक पाण्यात घुसलं, शेपूट वर झालं आणि सगळं विमान कासवासारखं पालथं पडलं.

मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. बचावाची बोट पलीकडून निघाली. तेवढ्यात पाण्यातून डोकं वर आलं. मिथिला! ती पोहत आली, पालथ्या विमानाच्या होडीवर चढून बसली आणि केस पिळायला लागली.

"मिथू!" मी काठावरून ओरडले. "सर कुठे? सर?"

तिने मला हात हलवून दाखवला. घाटावरच्या सहलीतून हलवावा तसा. आणि पुन्हा केस पिळायला लागली. तिच्या पायाखाली, तिच्या अगदी पायाखाली, माणूस होता. मी कमरेपर्यंत पाण्यात गेले, पण मी म्हातारी काय करणार? बोटीतल्या पोरांनी उड्या मारल्या. दळवी सरांना वर काढलं तेव्हा ते जांभळे पडले होते. वाचले. देवाची कृपा आणि त्या पोरांची छाती.

पोरीला टॉवेलात गुंडाळून आणलं. मी विचारलं, "सर खाली होते, तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना. पट्टा अडकला होता त्यांचा. पण बोट येत होती, मोठी आय. मी अंदाज घेतला. वेळेत पोचलीच की नाही?"

"तुला खाली जावंसं वाटलं नाही?"

तिने विचार केला. खरोखर विचार केला, कपाळाला आठी घालून, परीक्षेत करतात तसा.

"नाही," ती म्हणाली. "का, वाटायला हवं होतं?"

मी दर्यावर वादळं पाहिली आहेत, मुलगा जाताना पाहिला आहे. पण त्या दिवशी त्या चांगल्या टॉवेलात गुंडाळलेल्या माझ्या नातीकडे बघून माझ्या अंगावर जो काटा आला, तसा कधी आला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "आजी, ती नियमानेच वागली. आधी आपण बाहेर पडायचं, पुन्हा आत शिरायचं नाही. घाबरली नाही म्हणून तर वाचली." शब्द खोटा नव्हता एकही. म्हणाले, थोड्याच दिवसांत रेटिंग देऊ, आमची सर्वांत गुणी विद्यार्थिनी. मी विचारलं, "ते मीठ परत लावता येतं का?" त्याने हात जोडल्यासारखे केले आणि जमिनीकडे पाहिलं. त्या टोपाने गाठ गप्प करता येत होती. बोलती करता येत नव्हती.

घरी वनिताला सांगितलं. मला वाटलं आता बोलेल, एवढी वर्षं ऐकून घेतलेलं सगळं परत करेल. तिने एवढंच विचारलं, "सर वाचले?" आणि हो म्हटल्यावर भिंतीला टेकून रडायला लागली. ज्या माणसाचं तोंड पाहिलं नाही त्याच्यासाठी. पोर समोर बसून भात कालवत होती. म्हणाली, "आई, वाचले म्हणतेय ना ती." आईचं रडणं तिला खरंच समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला घेऊन खाडीवर गेले. कॅप्टनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बडीशेप चघळायच्या थांबल्या.

"आजी, ही पोर पाण्याला भीतच नव्हती."

"मग कशाला?"

"तुम्हीच सांगितलंत, बोयावर बसून ती काय ओरडत होती. बाबा, वर ये. ती पाण्याखालच्या माणसासाठी भीत होती. डॉक्टरने तेच पुसलं. त्याला वाटलं तो पाणी पुसतोय." त्यांनी मिथिलाकडे पाहिलं. ती जेट्टीवर विमानाचा दोर तपासत होती. "मी नाही घेणार हिला. उद्या हिच्या मागे प्रवासी बसतील. हिला हात आहेत, डोळे आहेत. ती आत काहीतरी ओढ बसते ना, थांब म्हणणारी, ती नाही."

मी आयुष्यात कोणाचे पाय धरले नाहीत. त्यांचेही धरले नाहीत. फक्त म्हटलं, "एक फेरी मारून बघा. मी बसते मागे."

मी विमानात कधीच चढले नव्हते. मागच्या सीटवर बसवून पट्टा आवळला तेव्हाच देव आठवले. पुढे पोर, तिच्या बाजूला कॅप्टनबाई. विमान उठलं तसं माझं पोट खाडीतच राहिलं. उतरायला लागलो तर खाली संध्याकाळचं पाणी, बोटीने नुकतंच मोडलेलं, तरी मला सारखं ते पालथं कासव दिसायला लागलं. माझा हात आपोआप पुढे गेला आणि पोरीच्या खांद्यात रुतला.

"काय झालं, मोठी आय?" तिने विचारलं आणि विमान पुन्हा वर घेतलं. घिरटी घालताना तिने नीट पाहिलं. खाली मासेमारीचं डोलजाळं बांधायचे लाकडी खुंटे होते, भरतीत डोकं जेमतेम बाहेर. मला ते दिसले नव्हते, मी नुसतीच घाबरले होते. पण ती थांबली होती.

जेट्टीवर उतरल्यावर कॅप्टनबाईंनी आधी दोर बांधला. मग म्हणाल्या, "लहान मूल पडलं की आधी रडत नाही, आईच्या तोंडाकडे बघतं. आई घाबरली तर रडतं. माणूस भीती अशीच शिकतो, दुसऱ्याच्या अंगातून. हिला नव्याने शिकावी लागेल. तुम्ही रोज याल?"

"रोज?" मी विचारलं.

"भिण्याचंच काम आहे, आजी."

मथुराबाय तांडेलला या वयात हे काम मिळालं. भिण्याचं. मी रोज जायचे, रोज मागे बसायचे, रोज पोरीच्या खांद्यावर हात ठेवायचे. माझी पकड घट्ट झाली की ती विमान वर घ्यायची आणि पुन्हा बघायची. जेट्टीवर परतलो की ती खांद्यावरचे माझ्या बोटांचे वळ आरशात पाहायची. "इथे का दाबलंस? आणि इथे?" मी सांगायचे, इथे आत पोट ओढल्यासारखं झालं बघ. ती ऐकायची, परक्या मुलुखाची भाषा शिकावी तशी. हळूहळू अंकुर दिसायला लागला. एकदा जेट्टीवर बाजूचं पोरगं पाण्यात पडलं. काही झालं नाही, पट्टीचं पोहणारं ते. पण मिथिलाचा हात चटकन तिच्याच खांद्यावर गेला, मी धरते त्याच जागी. ती त्या हाताकडे बघत राहिली. कॅप्टनबाई मला हळूच म्हणाल्या, "रुजतंय. आता मध्ये खंड पडू देऊ नका. खंड पडला तर जळेल."

आणि मग काल.

काल आम्ही उतरत होतो. वारा नव्हता, खाडी आरसा झाली होती, आणि पाणी मोडायला गेलेली बोट इंजिन बंद पडून पलीकडे अडकली होती. मी खिडकीतून बघत होते, बगळ्यांचा थवा पाण्यात उलटा उडताना किती छान दिसतो असं मनात आलं. तेवढ्यात कॅप्टनबाईंनी पोरीच्या हातावर हात मारून विमान वर खेचलं. होडीची टाच पाण्याला चाटून गेली.

मिथिला वळून माझ्याकडे पाहत होती. "मोठी आय, तुझा हात?"

माझा हात तिच्या खांद्यावरच होता. नुसता ठेवलेला.

रोज विंचू बघणारा विंचवाला भीत नाही. डॉक्टर म्हणाला होता. माझी भीती सवयीने मेली होती, न सांगता, आणि माझ्या भरवशावर माझी नात पाण्यात घुसणार होती.

घरी येऊन मी ओट्यावर बसून राहिले. वनिता तांदूळ निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला ठेवलं. तिला न सांगताच कळतं. भित्र्या माणसाला सगळं आधी कळतं.

"वनिता," मी म्हटलं, "उद्यापासून तू बसशील मागे?"

तिचा चेहरा पांढरा पडला. ती हरेश्वर गेल्यापासून धक्क्यावरसुद्धा आलेली नव्हती. "मला जमणार नाही, आत्याबाई. मी तिथेच मरेन भीतीने."

"तेच तर हवंय," मी म्हटलं. नेहमीसारखंच टोचून निघालं ते. मग म्हटलं, "माझ्याच्याने आता होत नाही. माझी संपली. तुझी संपणार नाही. लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेय मी, कधी संपलीच नाही."

तिने ताट पुन्हा ओढून तांदळातला एक खडा काढून टाकला. मग पदराला हात पुसले.

आज सकाळी आम्ही तिघी जेट्टीवर गेलो. वनिता डोळे मिटून फळीवरून चालत होती, मी तिचा दंड धरला होता. पोर आणि कॅप्टनबाई पुढे बसल्या, वनिताला मागे चढवलं, पट्टा आवळला, तिचा थंडगार हात उचलून पोरीच्या खांद्यावर ठेवला. बोटं लगेच रुतली. मिथिलाने मान वळवून त्या हाताकडे पाहिलं आणि तिचा श्वास क्षणभर अडकला. मी पाहिलं ते.

दोर सोडायची वेळ झाली. जेट्टीवर चार कोळणी होत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "सांभाळून जा गं." एकीच्या हातातली टोपली थांबली. थांबू दे.

विमान उठलं, डोंगरामागे गेलं, परत आलं. निघताना वारा होता, तो आता पडला होता, खाडी तेलासारखी. पाणी मोडायला आज बोटच नव्हती, इंजिन अजून खोलून पडलेलं. विमान खाली आलं, आणखी खाली, सरळ, अलगद, त्या दिवशी आलं होतं तसंच. मी खांबाकडे सरकले. तेवढ्यात नाक वर झालं आणि ते माझ्या डोक्यावरून गर्जत निघून गेलं.

पुन्हा वळलं, पुन्हा आलं, पुन्हा वर गेलं. वनिताची बोटं दरवेळी रुतत असणार.

"काय चाललंय त्यांचं?" एक कोळीण म्हणाली. "उतरत का नाहीत?"

तिसऱ्यांदा विमान डोंगरावरून वळलं. मी जेट्टीचा खांब घट्ट धरला होता. सूर्य पाण्यातून डोळ्यांत येत होता, कुठलं वरचं आणि कुठलं खालचं मलाही कळेना.

"घाबर, वनिता," मी पुटपुटले. "नीट घाबर."